नवसाचा मुलगा

(नागपुरात लकडगंज येथील सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



या लकडगंजातला सुतार सूत धरल्याशिवाय लाकडाला करवत लावीत नाही. मग संसारातच आपण ‘देवाने चोच दिली, तो दाणाही देईल’ म्हणून डोळे का मिटतो?

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. मी नवसाचा मुलगा. माझ्या आधी चार बहिणी. मुलाविना पिंड कोण देणार, या धाकाने आईबापांनी पाळणा थांबविला नाही. मी जन्मलो, पेढे वाटले, आणि थोरल्या ताईची शाळा पहिलीतच सुटली. कारण मला कडेवर घ्यायला कोणी हवे होते. मी मास्तर झालो. ती आजही अंगठा उमटविते. नवस आईने बोलला, फेडला ताईने!

सातारा जिल्ह्यात तर पुढे मुलगा व्हावा म्हणून मुलीचे नावच ‘नकुशा’ ठेवीत. अशा अडीचशेहून अधिक मुलींना २०११ साली नवी नावे दिली गेली.

कोणी म्हणतात, अमक्या धर्मात पोरे फार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी काय सांगते? १९९२-९३ च्या मानाने शंभर हिंदु स्त्रियांना जन्मभरात ३३०, तर मुसलमान स्त्रियांना ४४१ मुले होत. २०१९-२१ मध्ये हेच आकडे १९४ आणि २३६ झाले. धर्म तेच राहिले, पोरे कमी झाली! दवाखाना जवळ आला, झालेली लेकरे जगू लागली, मुली शाळेत गेल्या. याच दुसऱ्या पाहणीत शंभर अशिक्षित स्त्रियांमागे २८० मुले, बारावी वा पुढे शिकलेल्यांमागे १८०.

देशाची उन्नति पोरे मोजून होत नाही. ती शिकविल्याने होते. जोतीराव फुल्यांना पोटचे मूल नव्हते. त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, यशवंताला दत्तक घेतले. त्यांचे नाव बुडाले काय? आपल्या विदर्भातले गाडगे महाराज जन्मभर कीर्तनातून नवसाच्या बकऱ्यांविरुद्ध बोलले. ते देवाचे वैरी होते काय?

देव सोडा, असे मी म्हणत नाही. नवसाच्या जेवणावळीचा पैसा लेकीच्या वह्यापुस्तकांना लावा. दोन्ही मुलीच झाल्या तरी तेथे थांबा. त्या शिकल्या म्हणजे वंश तरला समजा. ताईचे ऋण मला आता फेडता येत नाही. तुमच्या मुलाच्या डोक्यावर असले ऋण ठेवू नका, एवढीच हात जोडून विनंती.