काक्षी मंदावला तेव्हा



हौशी आकाशनिरीक्षकांचे मंडळ म्हटले की दुर्बिणीपुढची रांग डोळ्यांपुढे येते. शनीची कडी पाहावी, ‘वा!’ म्हणावे आणि घरी जावे. असे कार्यक्रम आम्हीही करतो, आणि त्यांत आम्हांला कमीपणा वाटत नाही. पण आज बोलावयाचे आहे ते आमच्या वहीविषयी.

2019 सालच्या अखेरीस मृगातील तांबडा काक्षी, म्हणजे पंचांगातल्या आर्द्रेचा योगतारा, मंदावू लागला. एरवी तो अर्ध्या प्रतीच्या आसपास असतो. फेब्रुवारी 2020 मध्ये तो 1.6 प्रतीपर्यंत उतरला. आता याचा स्फोट होणार, अशी आवई उठली. स्फोट काही झाला नाही. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली, असा उलगडा 2021 साली प्रसिद्ध झाला. परंतु तारा नेहमीपेक्षा मंद आहे हे ठरविण्यासाठी ‘नेहमी’ म्हणजे किती हे आधी ठाऊक हवे. ते ठाऊक होते, कारण हौशी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तशी टाचणे करून ठेविली होती. इतका तेजस्वी तारा मोठ्या दुर्बिणींच्या यंत्रांना सोसत नाही; ती दिपून जातात. तेथे आपला साधा डोळाच उपयोगी पडतो.

रीत सोपी आहे. प्रश्वा 0.4 प्रतीचा, पुनर्वसूतला पोलक्स 1.1 प्रतीचा. काक्षी या दोहोंच्या बरोबर मध्ये वाटला, तर वहीत 0.8 लिहावे, सोबत तारीख आणि वेळ. तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नये, तो उगाच अधिक तेजस्वी भासू लागतो. तारे शक्यतो सारख्या उंचीवरचे घ्यावेत. आणि मुख्य म्हणजे, कालचा आकडा पाहून आजचा लिहू नये!

या कामातले आमचे दैवत म्हणजे जेसोरचे राधागोविंद चंद्र. सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी, आणि रात्री घरच्या तीन इंची दुर्बिणीतून ताऱ्यांची पारख. 1918 साली गरुडात नवतारा प्रकटला, तो त्यांनी स्वतः टिपला. पुढे अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकसंस्थेला त्यांनी 37 हजारांहून अधिक निरीक्षणे पाठविली. त्या संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरावयास दिली. तीच पुढे वेणू बाप्पूंकडे आली. पदवी नाही, वेधशाळा नाही. होती ती वही.

आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 सालीच निघाली, तेव्हा परंपरा नाही असे म्हणता यावयाचे नाही. अलीकडे मात्र छायाचित्रांचा सोस वाढला आहे. चित्रे सुंदर असतात, पण प्रत लिहून ठेवणारा सभासद दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे, आणि मंडळाची खरी अडचण ती आहे.

सध्या, वैशाखाच्या तोंडी, काक्षी संध्याकाळी पश्चिमेकडे झुकलेला दिसतो. मे महिना सरता सरता तो सूर्यतेजात बुडेल. आर्द्रा लागल्या म्हणून शेतकरी आभाळाकडे पाहतो, तेव्हा खुद्द आर्द्रेचा तारा आकाशात दिसतच नसतो! मग ढगांचे दिवस, आणि वहीत रिकामी पाने. श्रावणात उघडीप मिळाली तर तो पहाटे पूर्वेला दिसेल. पहाटे चारला उठणारे दोन-तीन सभासद आम्हांला हवे आहेत. सभा संपल्यावर वही येथेच टेबलावर ठेविली आहे, नावे तीत लिहावीत.