पाना कुणाच्या हातात?

नेदरलँड्स हा सपाट, पाणथळ देश. वाळवंट तिथे औषधालाही नाही. तरी वाळवंटातून धावणाऱ्या डकार रॅलीच्या निकालांत डच नावं हटकून सापडतात, आणि हौशी स्पर्धक कोण, व्यावसायिक कोण, हे समजून घ्यायला तीच नावं उपयोगी पडतात.

2019 ची डकार पेरू देशात झाली. तिच्यात मोटरसायकलींच्या 'ओरिजिनल' वर्गात डच रायडर एडविन स्ट्राव्हर पहिला आला. या वर्गात मदतनीस ठेवायला मनाई आहे. आयोजक तुमची एक ट्रंक, तंबू आणि जादा चाकं पुढच्या तळावर पोचवतात, बस्स. दिवसभर वाळूत शेकडो किलोमीटर गाडी हाकायची, मग तळावर बसून स्वतःच तेल बदलायचं, एअर फिल्टर साफ करायचा, टायर चढवायचे. उरलेल्या वेळात झोप. कंपनीचा पगारी रायडर मात्र गाडी मेकॅनिकच्या हवाली करतो, जेवतो आणि आडवा होतो. टप्पा दोघांना तोच, घड्याळही तेच. माझ्या मते खरी तफावत वेगाइतकीच झोपेतही आहे. त्यात मोटरसायकली सहसा आधी सुटतात. मागे पडलेल्या हौशी रायडरला नंतर मोटारी आणि ट्रक गाठतात. म्हणून मागच्या वाहनाचा इशारा देणारं यंत्र गाडीवर लागतं.

जोखीम कुणालाच चुकत नाही. 2020 मध्ये सौदी अरेबियातल्या डकारमध्ये स्ट्राव्हरला अपघात झाला आणि 24 जानेवारीला तो गेला.

डच ट्रकचालक यान दे रोय यांच्यापाशी मात्र हौशी आणि व्यावसायिक ही विभागणी अडखळते. त्यांचा धंदा मालवाहतुकीचा होता, आणि शर्यतीला ट्रक आइंडहोवनच्या डाफ कंपनीचे. 1987 साली त्यांनी डकारचा ट्रकगट जिंकला. पुढच्या वर्षीच्या ट्रकला तर दोन इंजिनं होती, एक पुढच्या आसासाठी, एक मागच्या! वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे. त्याच शर्यतीत संघाचा दुसरा ट्रक उलटला, त्यातला नॅव्हिगेटर दगावला. दे रोय यांनी माघार घेतली, डाफनेही अंग काढून घेतलं.

कुटुंब मात्र परतलं. मुलगा जेरार्ड 2012 आणि 2016 साली आयव्हेको ट्रकवर जिंकला. ट्रकमध्ये चालक, नॅव्हिगेटर आणि मेकॅनिक असे तिघे बसतात, म्हणजे पाना धरणारा माणूस वाटेतही सोबत. या घराण्याला हौशी म्हणावं, तर पाठीशी अख्खा ताफा. व्यावसायिक म्हणावं, तर पोटापाण्याचा उद्योग वेगळाच.