पाहुणी आज्ञावली



परभणी जिल्ह्यांतील झरी येथें, आमच्या ओसरीवर गेल्या उन्हाळ्यांत घडलेली एक लहानशी गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे. विहीर दगडांनीं बांधून काढावयाची होती. प्रत्येक थरास किती दगड लागतील, तें गवंड्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांगणें भाग होतें. माझ्या पुतणीनें संगणकावर ब्लेंडरमध्यें विहिरीचें चित्र उभें केलें, आणि दगड मांडण्याचें काम पायथॉन भाषेंतील आज्ञावलीकडे सोंपविलें.

ब्लेंडरचा आरंभ १९९४ सालीं नेदरलँड्समध्यें टॉन रूसेंदाल यांनीं केला. २००२ सालीं त्याची मूळ संहिता सर्वांस खुली झाली. त्याच्या पोटांत पायथॉन पाहुणी म्हणून राहते. तेव्हां पाहुणीचें कोठें बिघडलें हें पाहतांना यजमानाच्या घरची रीतही ठाऊक असावी लागते.

चित्रांत दगड एकमेकांत घुसत होते. मुलीनें दगडाची रुंदी दुरुस्त केली; चित्र बदललें नाहीं. पुनःपुन्हां आंकडे बदलले; चित्र तसेंच! मध्यरात्र उलटली, आणि आपला हिशेबच चुकला असें तिला वाटूं लागलें. तेव्हां आम्हीं ब्लेंडर बंद करण्याऐवजीं त्यालाच विचारावयाचें ठरविलें. चालू आज्ञावलीकडून रुंदीचा आंकडा छापून घेतला. असे आंकडे चित्राच्या खिडकींत दिसत नाहींत. ज्या टर्मिनलमधून ब्लेंडर सुरू करावें, तेथें उमटतात. पाहतों तों जुनाच आंकडा!

कारण उघड झालें. रुंदी दुसऱ्या फाइलींत लिहिली होती, आणि अशी फाइल यजमान चालू असेपर्यंत एकदांच वाचली जाते. पुन्हां ‘इम्पोर्ट’ म्हटलें तरी स्मृतींतील जुनी प्रतच हातीं येते. ‘इम्पोर्टलिब’मधील ‘रीलोड’ची आज्ञा देतांच दगड नीट बसले.

आणखी दोन सूचना. ‘पीडीबी’नें आज्ञावली मध्येंच थांबविली, तर ब्लेंडरची खिडकी निश्चल होते; तो बिघाड नव्हे, टर्मिनल उत्तराची वाट पाहत असतें. तसेंच ‘अनडू’ केल्यानंतर आधीं धरून ठेवलेल्या वस्तूची खूण निरुपयोगी होते. तिला हात लावल्यास सारें ब्लेंडर कोसळूं शकतें. म्हणून वस्तूचें नांव जपावें, आणि त्या नांवानें ती नव्यानें मागून घ्यावी.

सकाळीं गवंडी आला, तेव्हां दगडांचा हिशेब तयार होता. तो पहिल्यापासूनच बरोबर होता. रात्रभर आम्हीं दुरुस्त करीत होतों ती प्रत मात्र चालतच नव्हती. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं, यजमान कोणती प्रत वाचीत आहे, एवढें आधीं पाहावें.