पावसाचा हिशेब मिलिमीटरमध्ये ठेवा



वळीव झोडपून गेला की पारावर एकच शब्द ऐकू येतो, ढगफुटी! पण हवामान खात्याच्या लेखी त्याला माप आहे. तासाभरात 100 मिलिमीटर पडला तर ढगफुटी. चोवीस तासांत 64.5 पासून पुढं मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार, 204.5 पासून अत्यंत मुसळधार. आपलं फलटण पर्जन्यछायेतलं, असा पाऊस क्वचितच. तरी मे 2025 च्या अखेरीस फलटण-बारामती पट्ट्यात ओढे-नाले कसे फुगले, ते आपण पाहिलंच.

महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की शासन अतिवृष्टी धरतं. हा आकडा मंडळातल्या हवामान केंद्राचा. आता वळीव कसा पडतो? चुलत्याचं रान भिजतं, आपलं कोरडं राहतं. केंद्रावर 40 आणि तुमच्या डाळिंबात 80, असंही होऊ शकतं. घरच्या नोंदीनं केंद्राचा आकडा बदलणार नाही, हे आधीच सांगतो. पण नुकसानीचा अर्ज देताना “लई पडला” म्हणण्यापेक्षा तारीख-वेळेसह लिहिलेली वही तलाठी आणि कृषी सहायकांपुढं ठेवणं केव्हाही बरं.

त्यासाठी तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं, सरळ उभ्या बाजूंचं, सपाट तळाचं भांडं घ्या. निमुळती बादली चालणार नाही. झाड, पत्रा, भिंत यांपासून लांब, उघड्यावर, विटांच्या आधारानं पक्कं ठेवा. काठ जमिनीपासून फूटभर उंच हवा, म्हणजे शिंतोडे आत जात नाहीत. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून पाणी मोजा आणि भांडं रिकामं करा. खात्याची वेळही तीच. रात्री पडलेला पाऊस सकाळच्या तारखेला लिहायचा. नाहीतर केंद्राच्या आकड्याशी मेळ बसत नाही आणि उगाच वाद होतो.

शेजारी पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, वारा कुठून होता, पीक फुलोऱ्यात होतं की काढणीला, रानात पाणी किती तास साचलं, हेही लिहा. गारा पडल्या तर हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या की लिंबाएवढ्या, ते लिहा आणि पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. गार वितळायला वेळ लागत नाही.

आणखी एक हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी. 65 मिलिमीटरचं झालं 2 लाख 60 हजार लिटर. एवढं पाणी बागेतून कोणत्या चरानं बाहेर काढायचं, ते वळवाच्या आधीच रानात फिरून ठरवा.