बर्फावरचा प्रथमोपचार आणि दरवर्षीची उजळणी

अमेरिकेतल्या बर्फाच्या उतारावर स्की करताना कुणी पडलं, मांडीचं हाड मोडलं किंवा डोकं झाडावर आपटलं, तर त्याच्यापर्यंत सर्वांत आधी पोचतो तो पाठीवर क्रॉसचं चिन्ह मिरवणारा स्की पेट्रोलर. यांतल्या पुष्कळांना पगार नसतो. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि सुटीचे दिवस डोंगराला द्यायचे, असे हे स्वयंसेवक. त्यांची संघटना, नॅशनल स्की पेट्रोल, १९३८ साली चार्ल्स मिनॉट डोल यांनी उभी केली. १९३६ च्या आरंभी व्हरमाँटमधल्या स्टो इथे डोल यांचा घोटा मोडला. त्यांना खाली आणायला धड साधन नव्हतं, अखेर छपराच्या पत्र्यावर घालून आणलं. त्यांच्या मदतीला धावलेले मित्र फ्रँक एडसन काही आठवड्यांतच एका शर्यतीतल्या अपघातात दगावले. माणुसकीची तेव्हाही वाण नव्हती. जखमी माणसाला कसं हाताळायचं हे जाणणारे, तयारीत असलेले हात नव्हते. म्हणून या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण हा मला त्यांच्या सेवेचा गाभा वाटतो, आणि त्यातही दरवर्षीची उजळणी हा सर्वांत मोलाचा भाग.

कित्येक वर्षं हे पेट्रोलर रेडक्रॉसचा प्रथमोपचार शिकत. तो चांगलाच होता, पण शहरात रुग्णवाहिका जवळ असते हे त्यात गृहीत धरलेलं होतं. १९८० च्या दशकात डॉ. वॉरेन बोमन यांच्या पुढाकाराने संघटनेने स्वतःचा अभ्यासक्रम बांधला. आउटडोअर इमर्जन्सी केअर हे त्याचं नाव. साधारण शंभर तासांचं हे शिक्षण आहे आणि त्यातला मोठा वाटा हाताने करून बघण्याचा. वेगळा अभ्यासक्रम कशाला, असं कुणी विचारील. कारण थंडी उपचाराचे नियम बदलते. रुग्णालयात जखमा शोधायला अंगावरचे कपडे कापून काढतात. बर्फावर तसंच केलं तर तपासणी पुरी होईपर्यंत माणूस गारठतो. म्हणून जेवढं पाहायचं तेवढंच उघडायचं, लगेच झाकायचं, आणि पांघरुणाच्या आधी पाठीखाली काहीतरी घालायचं, कारण ऊब जमिनीकडूनही शोषली जाते. गारठलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, म्हणजे रक्तस्राव आणि थंडी एकमेकांना बळ देतात. शरीराचं तापमान फार उतरलं की कुडकुडणं थांबतं. नवख्याला वाटतं, बरं वाटू लागलं असावं. प्रत्यक्षात तीच धोक्याची खूण असते. अशा माणसाला धसमुसळेपणाने उचललं तर हृदयाची लय बिघडू शकते. त्याची नाडी इतकी मंद असते की ती पूर्ण मिनिटभर शोधावी लागते. स्कीचा जाडजूड बूट ओढून काढण्याचा मोह होतो, पण पाय मोडला असेल तर तोच बूट पुष्कळदा आधाराचं काम करतो.

हे सगळं मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं, तेव्हा सोपं वाटलं असेल. पण तीव्र उतारावर, वाऱ्यात, जाड हातमोजे घालून, कळवळणाऱ्या माणसाच्या मांडीला ताण देणारं स्प्लिंट बांधणं ही हाताची विद्या आहे, आणि ती लवकर विसरली जाते. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं कौशल्य शिकल्यानंतर काही महिन्यांतच उणावू लागतं, असं अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. त्यात स्वयंसेवकाची अडचण दुहेरी. शहरातल्या रुग्णवाहिकेवरच्या माणसाचा सराव कामातच होतो. स्वयंसेवकाच्या वाट्याला मुरगळलेले गुडघे आणि मोडलेली मनगटं येतात. जीवघेणा प्रसंग एखाद्या हंगामात येईल, एखाद्यात येणारही नाही. जे क्वचित लागतं तेच अचूक यायला हवं. म्हणून संघटना दर हंगामाआधी उजळणी घेते आणि सगळा अभ्यासक्रम तीन वर्षांत मिळून पुन्हा करून घेते.

यावर जुने, अनुभवी पेट्रोलर कुरकुरतात. वीस वर्षं हेच करतोय, आता काय परीक्षा द्यायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा अनुभव खराच आहे आणि उतार वाचण्यात नवख्याने त्यांच्याकडूनच शिकावं. पण अनुभव वारंवार घडणाऱ्या गोष्टींचा असतो, दुर्मीळ गोष्टींचा नव्हे. शिवाय दरम्यानच्या काळात वैद्यकाचे संकेत पालटतात. पूर्वी शेवटचा उपाय मानलं जाणारं टूर्निके, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, आज जोरदार रक्तस्रावात लवकर वापरायला सांगतात. जुन्या आत्मविश्वासाने उशीर केला तर माणूस हातचा जाईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पगारी व्यावसायिकच का नेमू नयेत? जिथे परवडतं तिथे जरूर नेमावेत. पण गर्दीच्या सुटीच्या दिवशी पसरलेल्या डोंगरावर प्रत्येक वळणाजवळ माणूस हवा, आणि तेवढे पगार छोट्या स्की केंद्रांना झेपत नाहीत. शिवाय जखमीच्या दृष्टीने शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसाला पगार मिळतो की नाही याला अर्थ नाही. त्याला काम येतं की नाही, याला आहे.

आपल्या सह्याद्रीतही लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक दऱ्यांत उतरून जखमींना वर आणतात. तिथे बर्फ नाही, दोर आणि कातळ आहेत. तरीही रस्त्यापासून दूर, स्ट्रेचर येईपर्यंत जखमीला सांभाळण्याचा प्रश्न तोच, आणि कधीतरीच लागणाऱ्या कौशल्याला गंज चढण्याचा धोकाही तोच.

उरला खर्च. अमेरिकेत कित्येक स्वयंसेवक पाठ्यपुस्तक, शुल्क आणि साहित्य यांचा भार स्वतः उचलतात, आणि उजळणीसाठी रजाही स्वतःचीच घालवतात. स्की केंद्रं त्यांना पास देतात, हे खरं. पण ज्या सुरक्षेच्या भरवशावर केंद्र तिकिटं विकतं, त्या सुरक्षेच्या शिक्षणाचा खर्च केंद्रानेच करावा, आणि उजळणीसाठी एक अख्खा दिवस उतार, टोबॉगन म्हणजे जखमीला खाली आणायची घसरगाडी, आणि प्रशिक्षक मोकळे करून द्यावेत. हंगाम सुरू व्हायच्या आत, तेही खऱ्या थंडीत, उघड्यावर.