मार लेकराला, भुर्दंड सगळ्यांना
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही पैशाबद्दल बोलणार आहोत. लेकराला झालेल्या मारहाणीचा हिशेब रुपयांत करणे काहींना रुचणार नाही. पण आम्ही गिरणीतली माणसं. खाडा पडला की किती रुपये गेले हे झोपेतसुद्धा सांगू. 'त्यांच्या घरातला मामला आहे' म्हणून जो समाज दार लावून घेतो, त्याला निदान हिशेब तरी कळेल.

आधी एका हाताचं बघू. सात-आठ वर्षांचं पोर, बापानं दांडक्यानं मारलं, हात मोडला. सरकारी दवाखान्यात केसपेपर थोड्या पैशात निघतो, म्हणून आपण समजतो फुकटात भागलं. एक्स-रे, प्लास्टर, नर्सबाईंचा पगार, खाट, हे कुठून येतं? आपल्याच करातून. साबणाची वडी घेणारी म्हातारीसुद्धा कर भरते. आई दवाखान्यात बसली की तिचे खाडे. धुणीभांड्याचं एखादं घर सुटतं. आणि केसपेपरवर लिहायचं काय, तर 'जिन्यावरून पडला'. खोटं कारण सांगितलं की डॉक्टरची दिशा चुकते, उपचार लांबतो आणि पोर पुन्हा त्याच घरात जातं. डॉक्टर मंडळीही कित्येक वर्षं अशा कारणांवर विश्वास ठेवत होती. अमेरिकेत डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली लेख लिहून हा प्रकार उघड मांडला, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले.

त्याच अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या अभ्यासकांनी 2012 साली पूर्ण जमाखर्च छापला. छळ किंवा हेळसांड सोसून जगलेल्या एका मुलामागे आयुष्यभराचा खर्च 2,10,012 डॉलर. त्यात लहानपणीचं औषधपाणी 32,648, मोठेपणीचं 10,530. पोलीस-कोर्ट 6,747, बालकल्याण खात्याचा खर्च 7,728, खास शाळा 7,999. आणि बुडालेली कमाई किती? 1,44,360! शंभरातले जवळजवळ एकोणसत्तर. डॉलरचे रुपये करत बसू नका, तिथले दर वेगळे. प्रमाण तेवढं बघा. दवाखान्याचं बिल हा लहान आकडा आहे. शाळेतून मन उडालेलं, दचकून जगणारं पोर पुढे जे कमावू शकत नाही, तो मोठा आकडा. ज्यांच्या घरात पोराचं शिक्षण हेच भांडवल, त्यांनी हे नीट ऐकावं.

तान्ह्या बाळाची गोष्ट तर आणखी वाईट. बाळ रडायचं थांबत नाही, रात्रपाळी करून आलेला माणूस वैतागतो आणि त्याला धरून गदागदा हलवतो. बाहेरून एक ओरखडा नसतो, आत मेंदूत रक्तस्राव होतो. फिट्स, आंधळेपण, कधी मरण. वाचलं तरी आईचं काम कायमचं सुटतं. डोकं तापलं तर बाळाला खाली सुरक्षित ठेवा आणि दाराबाहेर जाऊन उभे राहा. रडून बाळ मरत नाही. आणि ज्याला अजून रांगता येत नाही त्याच्या अंगावर काळेनिळे वळ दिसले, तर ते 'पडलं' म्हणून कुणी सांगितलं तरी पटवून घेऊ नका.

आपल्याकडे असं होत नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना विचारून अहवाल काढला. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार खाल्लेला होता. (फक्त गरीब वस्तीतच मारतात असं कुणी समजू नये. आपल्या चाळीत ऐकू येतं, बंगल्यात भिंती जाड असतात, एवढंच.)

आता बायाबापड्यांची खरी भीती. 'तक्रार केली, नवरा आत गेला, तर चूल कशी पेटायची?' प्रश्न खोटा नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यात मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे की मूल शक्यतो कुटुंबातच राहावं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. बाल कल्याण समिती त्यासाठीच असते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट मात्र वेगळी. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, तिथे घरात मिटवामिटवी चालणार नाही.

1098 हा नंबर 1996 साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. शेजाऱ्यानेही लावायला हरकत नाही. विहाराच्या फळ्यावर तो आम्ही आज सकाळीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. पोरांनो, पुसू नका.