कावाई आणि कोवाई

सगळे आपल्या सरांबद्दल बोलले. मी जरा लांबच्या बाईंबद्दल बोलते.

कंपनीच्या कामामुळे आम्ही टोकियोत, निशी-कासाईला राहत होतो. लेक तिथल्या सरकारी शाळेत सहावीत. जपानात २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे. वर्गशिक्षकांच्या मदतीला बऱ्याच शाळांत परदेशी शिक्षक येतात. लेकीच्या बाई अमेरिकेच्या. पहिल्याच तासाला त्यांनी स्वतःची फजिती सांगितली. शेजारणीच्या बाळाला ‘कावाई’, म्हणजे गोड, म्हणायचं होतं; तोंडातून गेलं ‘कोवाई’, म्हणजे भीतिदायक! पोरं हसून लोळली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपापल्या फजित्या सांगू लागली. आमची घुमी लेकसुद्धा! बाईंचे धडे म्हणजे त्यांच्या आजीची पत्रं, गावातल्या हॉटेलचं मेनूकार्ड. झेरॉक्स घरी न्यायला मिळायच्या. मी सगळ्या जपून ठेवल्या.

कारण आठवतंय ना, आठवीत मी मोठ्याने ‘इसलंड’ वाचलं आणि अख्खा वर्ग हसला? त्यानंतर इंजिनिअरिंगची चार वर्षं मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. शंका असायच्या, ढिगाने.

झेरॉक्सची फाईल आज मुख्याध्यापकांकडे दिली आहे. उद्या सोमवारी आठवीवर एक तास मागून घेतलाय. सुरुवात ‘इसलंड’पासून करणार आहे.